परराष्ट्रीय धोरण : मूलभूत संज्ञा

परराष्ट्रीय धोरण : एखाद्या राज्याने इतर राज्यांशी व आंतरराष्ट्रीय संघटनांशी संबंध ठेवताना स्वीकारलेली उद्दिष्टे आणि ती साध्य करण्यासाठी अवलंबिलेले मार्ग यांस परराष्ट्रीय धोरण म्हणतात. या क्षेत्रातील काही संज्ञा सामान्य व्यवहारात समानार्थी म्हणून वापरल्या जातात. परंतु त्यांच्या अर्थांतील भेदांचे परिणाम दूरगामी असतात. भारताच्या अनुभवावरून ते विशेष स्पष्ट होतात.

धोरण व राजनय : काय साधावयाचे, हे धोरण ठरविते, वाटाघाटी व दूतव्यवहार यांच्या साहाय्याने ते कसे साधावयाचे, हा राजनयाचा विषय होय. धोरण शासन ठरविते. राजनय प्रामुख्याने राजदूत व परराष्ट्रखात्याचे अधिकारी यांच्याकरवी चालतो. राजदूतांचे विशेषाधिकार व उन्मुक्ती यांविषयीचे नियम १९६१ च्या व्हिएन्ना संकेतात ग्रथित झाले आहेत. धोरणाच्या मुळाशी राष्ट्रीय हिताची कल्पना असते. प्रादेशिक अखंडता, सुरक्षितता व आर्थिक विकास यांचा तीत सामान्यतः समावेश होतो. मात्र त्यांचा अग्रक्रम परिस्थितीनुसार बदलतो.

मान्यता : नवे राज्य किंवा नवे शासन अस्तित्वात आल्याचे इतर राज्यांनी स्वीकारणे म्हणजे मान्यता. ती वस्तुतः किंवा विधितः असू शकते. ब्रिटनने सोव्हिएट शासनाला १९२१ मध्ये वस्तुतः, तर १९२४ मध्ये विधितः मान्यता दिली. मान्यता आणि राजनैतिक संबंध या दोन्ही गोष्टी एकच नव्हेत. भारताने इझ्राएलला १९५० मध्ये मान्यता दिली व मुंबईत त्याच्या वाणिज्य दूतावासास अनुमतीही दिली. परंतु पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्येच प्रस्थापित झाले. प्रदेशावरील सार्वभौमत्वालाही मान्यता लागते. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला. तेथील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मात्र ३१ डिसेंबर १९७४ च्या तहान्वये मान्य केले.

तटस्थता व अलिप्तता : तटस्थता ही मुख्यतः युद्धकालीन विधिविषयक अवस्था असून तटस्थ राज्य कोणत्याही युद्धमान पक्षास साहाय्य करीत नाही. स्वित्झर्लंडसारख्या देशाने ती कायम स्वरूपात स्वीकारली व यूरोपीय सत्तांनी तीस १८१५ मध्ये मान्यता दिली. अलिप्तता ही राजकीय भूमिका आहे. लष्करी गटांत सामील न होता प्रत्येक प्रश्नावर स्वतंत्रपणे निर्णय घेणे, हे तिचे मर्म. त्यामुळे अलिप्त राष्ट्र निष्क्रिय राहतेच असे नाही. कोरियन युद्धात भारताने सैन्य न पाठविता वैद्यकीय पथक पाठविले आणि १९५३ मध्ये युद्धकैद्यांच्या परतपाठवणीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारले. १९६१ मध्ये बेलग्रेड येथे अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद भरली. ९ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने सोव्हिएट रशियाशी वीस वर्षांचा मैत्रीचा करार केला. आक्रमणाचा धोका उद्‌भवल्यास परस्परांशी विचारविनिमय करण्याची तरतूद त्यात होती. त्यामुळे अलिप्ततेला बाध आला, अशी टीका झाली. तथापि भारताच्या अलिप्ततेचा आदर करण्याचे कलमही त्याच करारात होते.

स्वाक्षरी व अनुसमर्थन : करारावरील स्वाक्षरीने सहमती व्यक्त होते, परंतु अनुसमर्थनाची अट असल्यास ते झाल्याविना करार बंधनकारक होत नाही. भारतात करार करण्याचा अधिकार केंद्रीय कार्यकारी मंडळाकडे असून त्यांच्या अंमलबजावणीसाठी कायदे करण्याचा अधिकार संविधानाच्या २५३ व्या अनुच्छेदाने संसदेस दिला आहे. मात्र भारतीय प्रदेश परराज्यास द्यावयाचा असल्यास संविधानदुरुस्ती आवश्यक आहे, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये बेरुबाडी प्रकरणी दिले.

या भेदाची झळ भारत-बांगला देश सीमेवरील परवेष्टित वस्त्यांना लागली. एका देशाची, पण चहूबाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेली अशी ही गावे होती. त्यांच्या अदलाबदलीसह सीमाप्रश्नाच्या सोडवणुकीचा करार १६ मे १९७४ रोजी झाला. बांगला देशाने त्यास त्याच वर्षी संमती दिली. भारतात आवश्यक ती शंभरावी संविधानदुरुस्ती २०१५ मध्ये झाली. मधल्या ४१ वर्षांत तेथील रहिवाशांना स्वतःच्या देशात जाण्यासाठीही परकीय भूमी ओलांडावी लागे. शाळा, दवाखाना, पोलीस व मतदान या सोयींपासून ते बहुतांशी वंचित होते. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताच्या १११ वस्त्या बांगला देशात व त्याच्या ५१ वस्त्या भारतात विलीन झाल्या. २०११ च्या संयुक्त गणनेनुसार त्यांत सु. ५१,५०० लोक राहत होते. रहिवाशांना नागरिकत्व निवडण्याची मुभा देण्यात आली.

यावरून परराष्ट्रीय धोरणाचे मूल्यमापन केवळ घोषणांवरून करता येत नाही, हे दिसून येते. मान्यतेनंतर संबंध प्रस्थापित झाले काय आणि स्वाक्षरीनंतर अनुसमर्थन व अंमलबजावणी झाली काय, हेही तपासावे लागते.