दिवाणजींचे निवृत्तिवेतन केव्हा सुरू होते?

पेढीवर वर्षानुवर्षे रोजकीर्द लिहिणारे दिवाणजी अठ्ठावन्नाव्या वर्षी सहसा घरी बसत नाहीत. शेठजी त्यांना सोडत नाहीत आणि त्यांचेही मन दुकानात गुंतलेले असते. निवृत्तिवेतनाच्या अर्जाविषयी 'नोकरी सुटली की पाहू' असे दोघेही म्हणतात. पुढील बहुतेक घोळाचे मूळ या एका वाक्यात असते.

20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेस भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो, आणि त्याबरोबरच 16 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आलेली कर्मचारी निवृत्तिवेतन योजनाही. या योजनेत किमान 10 वर्षांची सेवा झालेल्या सभासदाचा हक्क वयाची 58 वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. तो त्या दिवशीही गादीवर बसून हिशेब लिहीत असला तरी हक्काला बाध येत नाही. अर्ज उशिरा केला तरी आरंभाची तारीख तीच राहते व मधली थकबाकी मिळते.

नोकरी सुटलेल्याला पन्नाशीनंतर लवकरही निवृत्तिवेतन घेता येते. मात्र 58 ला जितकी वर्षे कमी, तितके 4 टक्के दर वर्षामागे कायमचे कमी होतात. उलट 60 पर्यंत थांबणाऱ्यास वर्षाला 4 टक्के वाढ आहे. व्यापाऱ्याच्या नजरेने हा सौदा तपासावा: 24 हप्ते सोडायचे आणि सुमारे 8 टक्के जादा घ्यायचे, म्हणजे सोडलेली रक्कम भरून निघण्यास सुमारे 25 वर्षे लागतात. दिवाणजींनी थांबू नये, हेच बरे.

रक्कम मोठी नसते. शेवटच्या 60 महिन्यांच्या सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागतात, आणि यासाठी सध्या 15,000 रुपयांपर्यंतचेच वेतन धरले जाते. 2014 च्या ऑक्टोबरात लागलेल्या व सरासरी 14,000 रुपये वेतन असलेल्या माणसाला 11 वर्षांच्या सेवेवर महिना 2,200 रुपये मिळतात. थोडे खरे, पण औषधपाण्यासाठी मुलापुढे हात पसरावा लागत नाही.

अर्जाचा नमुना 10-डी. तो परिपूर्ण असेल तर 20 दिवसांत निकाली काढण्याची मुदत भविष्य निधी कार्यालयाने स्वतःला घालून घेतली आहे. मग महिनोन्महिने का लागतात? दोष दर वेळी कार्यालयाचा नसतो. आधार कार्डावर एक नाव आणि पेढीच्या नोंदीत घरगुती हाकेचे दुसरे. जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली. जुन्या पेढीने नोकरी सोडल्याची तारीख कधी भरलीच नाही. सर्वांत त्रासदायक प्रकार म्हणजे 58 वर्षे उलटल्यावरही मालकाचा 8.33 टक्के हिस्सा निवृत्तिवेतन खात्यातच जात राहणे. वस्तुतः त्या दिवसापासून तो पूर्णपणे भविष्य निधीत जमा व्हावयास हवा. चूक पेढीच्या संगणकावर बसलेल्या मुलाची असते आणि खेटे दिवाणजी घालतात.

म्हणून अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाच्या सहा महिने आधी शेठजींनीच त्यांना आधार कार्ड व बँकेचे पासबुक घेऊन समोर बसवावे आणि नोंदी ताडून पाहाव्यात. सेवेचा कालावधीही मोजावा. साडेनऊ वर्षे भरली तर ती दहा धरली जातात. साडेनऊला दोन महिने कमी असताना हिशेब चुकता करून निरोप दिला, तर त्या माणसाच्या हाती एकरकमी परतावा येतो, निवृत्तिवेतन नाही.

एकदा आदेश निघाला की रक्कम महिनाअखेरीस खात्यात येते. केवळ मार्चची एप्रिल उजाडल्यावर. हयातीचा दाखला वर्षात केव्हाही द्यावा, तो दिल्यापासून 12 महिने चालतो.

10-डी सोबत पतिपत्नीचे एकत्र छायाचित्र मागतात, कारण दिवाणजींच्या पश्चात निम्मे निवृत्तिवेतन पत्नीला मिळते. अर्ज न करताच ते गेले, तर तिचा हक्क बुडत नाही. पण त्यांच्या नावातील आणि तारखांतील प्रत्येक चूक निस्तरण्यासाठी ती बाई पेढीच्या पायऱ्या चढते, आणि तोवर जुन्या वह्या कोठे ठेवल्या हे सांगणारा माणूस पेढीवर उरलेला नसतो.