पाद्री कसा घडतो?

आपल्या बेटावरून नोकरीसाठी आखाती देशांत जाणाऱ्यांना दोहा शहर ठाऊक असते. कतारच्या या राजधानीला लागून समुद्रात भर घालून 'द पर्ल' नावाचे बेट उभारले आहे. पूर्वी त्या पाण्यात पाणबुडे मोती काढीत, म्हणून हे नाव. तेथे राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला उपासनेसाठी शहराच्या दुसऱ्या बाजूस, मेसैमीर भागात जावे लागते. राज्यकर्त्यांनी दिलेल्या जमिनीवर तेथे निरनिराळ्या पंथांची चर्चे आहेत आणि भारतीय भाषांतील मंडळ्याही जमतात. त्यांतील अँग्लिकनांचे 'चर्च ऑफ द एपिफनी' २०१३ मध्ये उघडले. पाद्री मात्र बाहेरून शिकून येतात, कारण त्यांना घडविणारे कॉलेज तेथे नाही.

आपल्या मॉरिशसचा अँग्लिकन धर्मप्रांत १८५४ मध्ये स्थापन झाला. पोर्ट लुईचे सेंट जेम्स कॅथेड्रल आपण सर्वांनी पाहिले आहे. एकेकाळी दारूगोळ्याचे कोठार असलेली ती इमारत. तिच्यासमोरून जाताना 'आतले पाद्री कोठे शिकले असतील?' असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. शिक्षकाला मात्र तो पडायला हवा, कारण माणसांपुढे उभे राहणारा माणूस तयार करणे हे आपलेच काम आहे.

अँग्लिकन चर्चमध्ये सेवेच्या तीन पायऱ्या आहेत: डीकन, प्रीस्ट आणि बिशप. उमेदवार आधी आपल्या धर्मप्रांताकडून निवडला जातो. मग ईश्वरविज्ञानाच्या कॉलेजात तो बायबल, त्याच्या मूळ हिब्रू व ग्रीक भाषा, चर्चचा इतिहास, प्रवचन आणि पाळकाचे काम शिकतो. सकाळ-संध्याकाळ सर्वांनी मिळून प्रार्थना करायची, एकत्र राहायचे, सुट्टीच्या दिवशी एखाद्या मंडळीत जाऊन प्रत्यक्ष काम करायचे. ट्रेनिंग कॉलेजात आपण सराव पाठ देतो, तसेच हे. परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणून दीक्षा मिळतेच असे नाही. शेवटी बिशपने हात ठेवावा लागतो.

भारतातील असे जुने कॉलेज म्हणजे कलकत्त्याचे बिशप्स कॉलेज. पहिले बिशप मिडल्टन यांनी १८२० मध्ये हुगळीकाठी शिबपूर येथे त्याचा पाया घातला. धर्मोपदेशकांबरोबर शाळामास्तर तयार करणे आणि धर्मग्रंथांची भाषांतरे करणे हेही त्यांच्या योजनेत होते. पहिले प्राचार्य मिल यांनी तर ख्रिस्तचरित्र संस्कृत श्लोकांत रचले. हेतू मोठा होता, पण देशी विद्यार्थ्याला तेथे परकेपणाही वाटे. बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त १८४४ नंतर तेथे ग्रीक, लॅटिन शिकले. देशी मुलांनी कॉलेजच्या पोशाखाऐवजी वेगळा पोशाख घालावा, हे मात्र त्यांना सहन झाले नाही. पाद्री न होताच ते मद्रासला निघून गेले.

याच काळात आपल्या मराठी माणसांपैकी एक विद्वान या वाटेने गेला. नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ मध्ये झाशीजवळच्या एका गावी, कोकणस्थ ब्राह्मण कुळात झाला. काशीत शास्त्राध्ययन करून ते मिशनऱ्यांशी वाद घालू लागले. ख्रिस्ती मताच्या खंडनासाठी त्यांनी संस्कृत ग्रंथही लिहिला. वाद घालता घालता त्यांचे मन पालटले आणि १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून ते नेहेम्या गोरे झाले. घरच्यांना आणि काशीच्या पंडितांना केवढा धक्का बसला असेल, याची कल्पना मराठी घरात वाढलेल्या कोणालाही करता येईल.

१८५४ मध्ये, म्हणजे आपला धर्मप्रांत स्थापन झाला त्याच वर्षी, ते महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला गेले. लंडनच्या इस्लिंग्टन भागातील मिशनरी कॉलेजात ते काही काळ शिकले. ऑक्सफर्डला ते मॅक्समुल्लरना भेटले. पुस्तकांतला ख्रिस्ती धर्म आणि लंडनच्या रस्त्यांवरचे जीवन यांतले अंतर पाहून हा पाहुणा अत्यंत खिन्न झाला होता, अशी आठवण मॅक्समुल्लर यांनी लिहून ठेवली आहे. कॉलेजात जे शिकविले जाते ते बाहेर कोणी पाळत नसेल, तर विद्यार्थ्याने काय करावे? हा प्रश्न आजच्या शाळेतही आहेच.

गोरे परत आले. १८६० मध्ये त्यांचा 'षड्दर्शन दर्पण' हा हिंदी ग्रंथ निघाला. त्यातील टीका आपल्यातील अनेकांना पटणार नाही, पण ज्या शास्त्रांवर ती आहे ती त्यांनी मुळातून वाचली होती. एवढा पंडित असूनही बाप्तिस्म्यानंतर वीस वर्षांनी, १८६८ मध्ये, ते डीकन झाले आणि १८७० मध्ये प्रीस्ट. पुढे पुण्यात व मुंबईत त्यांनी मराठी माणसांत काम केले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. इस्लिंग्टनचे वर्ग थोडे महिने चालले. घडण आयुष्यभर चालली.

पंडिता रमाबाईंच्या विचारांवर या गोऱ्यांचा प्रभाव होता. १८८३ मध्ये इंग्लंडात वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा भारतातील बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवू नये, हे रमाबाईंना मान्य नव्हते. मुलींना शिक्षिका करणाऱ्या आपल्या घरांना तो वाद सहज समजेल.

आता काळ बदलला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चे एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले. अँग्लिकन चर्चही त्यात मिसळले आणि बिशप्स कॉलेज त्याच्याकडे आले. शिबपूरच्या जुन्या जागेत पुढे इंजिनियरिंगचे कॉलेज भरले. पाद्रींचे कॉलेज कलकत्ता शहरात चालू आहे. ज्या चर्चच्या बिशपांनी रमाबाईंना अडविले, त्याच्या या नव्या रूपात स्त्रियाही दीक्षा घेऊन पाळक होतात.

वाचकहो, आपला धर्म कोणताही असो, या कथेत आपल्या कामाचे काही आहे. लग्नाला, श्राद्धाला, सत्यनारायणाला आपण गुरुजींना बोलावतो. त्यांनी वेळेवर यावे, मंत्र शुद्ध म्हणावेत आणि मराठीत अर्थही सांगावा, अशी अपेक्षा करतो. पण ते कोठे शिकले, त्यांच्या नंतर कोण येणार, हे विचारीत नाही. तयार माणूस बाहेरून आणता येतो, दोहाचे चर्चही तसेच चालते. परंतु आपल्या घरातील दुःख आपल्या भाषेत समजून घेणारा माणूस आपल्यातूनच घडावा लागतो. त्यासाठी पैसा लागतो, वर्षे लागतात, आणि 'मी हे काम करीन' म्हणणाऱ्या मुलाला किंवा मुलीला न हसणारे घर लागते. असे घर आपले आहे का, याचा विचार या आठवड्यात जेवायला बसताना जरूर करावा.