विश्वास आणि वेतन : अमेरिकेतील मंदीनिवारणाचे दोन मार्ग

आर्थिक मंदीत बँका बुडणे आणि बेकारी वाढणे या परस्परांहून स्वतंत्र आपत्ती नव्हेत. बँक बंद पडली की ठेवीदाराची क्रयशक्ती नष्ट होते. मागणी घटते, कारखाने थांबतात, कामगार बेकार होतो, आणि त्याचे कर्ज थकल्याने दुसरी बँक संकटात सापडते. १९२९ नंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हेच चक्र फिरत होते. १९३३ मध्ये तेथील श्रमिकांपैकी सुमारे एक-चतुर्थांश बेकार होते.

४ मार्च १९३३ रोजी अधिकारारूढ झालेल्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी प्रथम बँकांकडे लक्ष दिले. ६ मार्चला देशातील सर्व बँकांचे व्यवहार स्थगित करण्यात आले. ९ मार्चला संकटकालीन बँक कायदा संमत झाला. १२ मार्चला त्यांनी नभोवाणीवरून या उपायांचा अर्थ जनतेस समजावून दिला. आणि सुस्थितीत आढळलेल्या बँका १३ मार्चपासून क्रमाक्रमाने उघडल्या. रोकड काढण्यासाठी रांगा लावणारे ठेवीदार आता ती परत भरू लागले. पुढे जूनमधील कायद्याने ठेवींचा विमा निर्माण केला व १ जानेवारी १९३४ पासून विमाकृत बँकांतील प्रत्येक ठेवीदाराची २,५०० डॉलरपर्यंतची ठेव सुरक्षित झाली. अशा विम्याचे मर्म केवळ नुकसानभरपाईत नाही. भीतीच नाहीशी झाल्याने बँकेवर धाव घेण्याचे कारण उरत नाही, यात ते आहे.

बेकारीचा प्रश्न मात्र केवळ विश्वासाने सुटणारा नव्हता. त्यास प्रत्यक्ष खर्चाची आवश्यकता होती. नुसते साहाय्य वाटण्याऐवजी काम देऊन वेतन द्यावे, या धोरणाचा हॅरी हॉपकिन्स यांनी आग्रहाने पुरस्कार केला. १९३३-३४ च्या हिवाळ्यात चाळीस लाखांहून अधिक लोकांना रस्ते, शाळा, विमानतळ इत्यादी कामांवर लावण्यात आले. परंतु ती योजना काही महिन्यांतच आटोपली. १९३५ ते १९४३ या काळातील दुसऱ्या योजनेने सुमारे ८५ लाख व्यक्तींना काम दिले. तथापि काम मागणाऱ्या सर्वांना ते लाभले नाही, आणि १९३७ मध्ये सरकारने खर्च आखडता घेतल्यावर व पतधोरण कडक केल्यावर बेकारी पुन्हा वाढली.

हे दोन्ही प्रश्न आपणांस परके नाहीत. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर, १९६२ पासून भारतातही ठेवींचा विमा सुरू झाला. महाराष्ट्राने तर १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण भागात काम हा मागणाऱ्याचा हक्क मानला. ठेवीदाराला कायद्याने जी शाश्वती दिली, ती श्रमिकालाही द्यावयाची की नाही, हा अमेरिकेने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न येथे निदान विधिवत् मांडला गेला, असे म्हणता येईल.