मोबाइलवरील प्रश्नावली आणि लोकांचा सहभाग

विकासाच्या योजना आखावयाच्या तर लोकांची खरी परिस्थिती कळली पाहिजे. सर्वेक्षण हे त्याचे प्रमुख साधन होय. प्रगणकाने घरोघर जाऊन माहिती घेण्याच्या जुन्या पद्धतीबरोबरच आता अनेक संशोधन संस्था इंटरनेटद्वारे प्रश्नावली पाठवितात आणि पुष्कळ लोक ती मोबाइलवरच उघडतात. त्यामुळे सहभाग वाढेल, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. अनुभव मात्र संमिश्र आहे.

मोबाइल सदैव जवळ असतो. घरी संगणक नसलेल्यांपर्यंतही त्यामुळे पोहोचता येते. परंतु संगणकाच्या तुलनेत मोबाइलवर प्रश्नावली अर्धवट सोडणारे अधिक असतात आणि ती पुरी करण्यास वेळही अधिक लागतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत आढळले आहे. पडदा लहान असल्याने ओळी व रकान्यांचा मोठा तक्ता त्यावर मावत नाही. बोटाने सविस्तर उत्तर लिहिणे कंटाळवाणे होते. मध्येच कोणाचा फोन येतो आणि राहिलेले प्रश्न तसेच राहतात. प्रश्नावली आटोपशीर असून एका वेळी एकच प्रश्न समोर आला, तर या अडचणी बऱ्याच कमी होतात.

याहून गंभीर प्रश्न प्रश्नावली ज्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही त्यांचा आहे. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांजवळच स्वतः वापरावयाचा मोबाइल होता. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया सुमारे ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के होते. केवळ मोबाइलवर विसंबलेल्या पाहणीत कोणाचा आवाज क्षीण होईल, हे यावरून उघड आहे.

उत्तरांची संख्या मोठी असली म्हणजे निष्कर्ष बरोबर ठरतो, असे नाही. १९३६ मध्ये अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठविल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. पत्ते मुख्यतः दूरध्वनी व मोटार असलेल्यांच्या याद्यांतून घेतले होते. शिवाय उत्तर न देणाऱ्यांचा कौल वेगळा होता.

नेदरलँड्समध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘लिस’ पाहणीत साधने नसलेल्या निवडक कुटुंबांना संगणक व इंटरनेट जोडणी पुरविण्यात आली. जेथे हे शक्य नाही तेथे प्रगणकाची घरभेट हाच खात्रीचा मार्ग उरतो. ज्या घरात मोबाइल नाही, त्या घराची गरजही योजनेत नोंदली गेली पाहिजे.