सह्यांचा चषक

नागपुरात धंतोलीहून वर्धा रोड धरला की तो थेट जामठ्याच्या मैदानापर्यंत नेतो. २ मार्च २०२५ रोजी तिथेच विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक उंचावला. केरळविरुद्धची अंतिम लढत अनिर्णित राहिली, पण पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीने विजेता ठरवला. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाला पहिल्या विजेतेपदासाठी ६० वर्षं वाट पाहावी लागली होती. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये फैज फझलच्या संघाने दिल्लीला नमवलं आणि ती वाट संपली.

असा दिवस घरात जपायचा तर काय ठेवायचं? करंडक संघाचा असतो. चाहत्याच्या वाट्याला येते ती त्याची प्रतिकृती, आणि तिला जिवंत करतात खेळाडूंच्या सह्या.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हा छंद खोल रुजला आहे. तिथली लोम्बार्डी ट्रॉफी टिफनी कंपनी दरवर्षी नव्याने घडवते. सुमारे २२ इंच उंच आणि ७ पौंड वजनाची ती चांदीची ट्रॉफी विजेता संघ कायमची ठेवून घेतो, आणि चाहते तिच्या प्रतिकृतींवर संघाच्या सह्या जमवतात. क्रिकेटच्या विश्वचषकाची रीत वेगळी आहे. मूळ चषक आयसीसीकडेच राहतो, जगज्जेते घरी नेतात ती प्रतिकृतीच. तेव्हा प्रतिकृतीला नकली म्हणून हिणवण्याचं कारण नाही.

आपल्याकडे चषकापेक्षा बॅटवर सही घेण्याची ओढ जास्त. पुण्यात सहकारनगरमध्ये रोहन पाटे यांनी उभारलेलं 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे संग्रहालय त्याच ओढीतून साकारलं. २०१२ मध्ये सचिन तेंडुलकरच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दिग्गजांच्या सह्यांच्या बॅटी तिथे काचेआड नीट मांडून ठेवल्या आहेत.

सही मिळवण्याइतकंच ती जपणंही कष्टाचं. लाकडात शाई मुरते, गुळगुळीत धातूवर ती नुसती वर बसते. बोट घासलं तरी पुसट होते, आणि उन्हात ठेवली तर हळूहळू विटते. म्हणून वस्तू काचेच्या पेटीत, खिडकीपासून दूर ठेवायची. सही कुठे, कधी, कोणासमोर झाली याची नोंद आणि फोटो सोबत हवाच. बनावट सह्यांचा बाजार मोठा आहे. अमेरिकेत तो मोडायला एफबीआयला 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम हाती घ्यावी लागली.

सह्या मात्र अख्ख्या संघाच्या हव्यात, राखीव खेळाडूंसकट. कारण संघ त्या एका मोसमापुरताच तसा असतो. २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्रचे ११ बळी घेऊन विदर्भाला दुसरा करंडक जिंकून देणारा आदित्य सरवटे २०२५ मध्ये त्याच जामठ्यात केरळकडून, विदर्भाविरुद्ध खेळला. २०१९ च्या चषकावर ज्याने त्याची सही घेऊन ठेवली असेल, त्याच्या घरी सरवटे आजही विदर्भाचाच आहे.