चाकांवरचं घर टेकतं तरी कुठं?

पनामात म्हातारपणाचे लाड कायद्यानं होतात. बाईनं पंचावन्न आणि बाप्यानं साठ ओलांडली की सिनेमाचं तिकीट निम्म्या दरात, विमानप्रवास आणि हॉटेलातलं जेवण २५ टक्के स्वस्त, सोमवार ते गुरुवार मुक्कामाची खोली निम्म्या भाड्यात. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यालाही हे सगळं मिळतं. त्याच्यासाठी पेन्शनरांचा खास व्हिसा आहे आणि त्याची मुख्य अट म्हणजे तहहयात, महिना किमान १,००० डॉलर पेन्शनचा कागद.

अमेरिका-कॅनडातून मोटरहोम घेऊन दक्षिणेकडे निघालेल्यांना पनामात थबकावं लागतं ते मात्र सवलतींमुळे नव्हे. पुढं रस्ताच नाही! अलास्कापासून अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत जाणारा पॅन-अमेरिकन महामार्ग याविसा नावाच्या गावात संपतो. मग शंभरेक किलोमीटर दारिएनचं जंगल आणि दलदल, आणि पलीकडे कोलंबियात रस्ता पुन्हा सुरू. मोटरहोम बोटीत चढवायचं तर खर्च दणदणीत, वर उंच गाडी साध्या कंटेनरमध्ये मावतही नाही. ‘पुढं जायचं की इथंच राहायचं’ हा प्रश्न असा भूगोलच विचारतो.

पण तिथवर पोचण्याआधी बरंच काही घडतं. निवृत्तीनंतर राहतं घर विकून गाडीतच संसार थाटणाऱ्यांची पहिली अडचण म्हणजे पत्ता. घरच चाकांवर, तर लायसन्सवर काय लिहायचं? साऊथ डकोटानं यावर तोडगा काढलाय. कॅम्पग्राउंडवर एक रात्र काढल्याची पावती दाखवा आणि या राज्याचं लायसन्स मिळवा. राज्याचा आयकर नाही हा बोनस. त्यामुळे ज्या राज्यात हिवाळ्यात कुणी फिरकणार नाही, तिथले कागदोपत्री ‘रहिवासी’ डिसेंबरात वाळवंटात ऊन खात बसलेले असतात.

ते वाळवंट बहुधा ॲरिझोनाचं. तिथं क्वार्ट्झसाइट गावाबाहेर सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल मुक्काम ठोकायचा परवाना १८० डॉलरला मिळतो. सात महिन्यांचं भाडं १८० डॉलर! पुण्यात खोली शोधणाऱ्यांनी हे वाक्य सोडून द्यावं. जमीन मात्र उघडीबोडकी. वीज सोलर पॅनलवर, पाणी टाकीत भरून आणलेलं. या राहणीला तिथं ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. गावातलं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे हाजी अली या उंटवाल्याची पिरॅमिडच्या आकाराची समाधी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी लष्करानं वाळवंटात उंट वापरून पाहिले, तेव्हा ते हाकायला आणलेला हा माणूस. उंट टिकले नाहीत, हाजी अली राहिला.

थंडीपुरते दक्षिणेला उतरणारे हे ‘स्नोबर्ड’ उन्हाळ्याच्या तोंडावर परत का जातात? उन्हामुळे तर खरंच, पण कॅनडातल्या ओंटारिओवाल्याला आणखी एक धाक असतो. कुठल्याही बारा महिन्यांत २१२ दिवसांपेक्षा जास्त काळ प्रांताबाहेर काढला, तर सरकारी आरोग्य विम्यावर पाणी सोडायची वेळ येते. अमेरिकनांचं दुखणं वेगळं. त्यांचा ज्येष्ठांसाठीचा सरकारी मेडिकेअर विमा मेक्सिकोत जवळपास निरुपयोगी. म्हणून कुणी डॉक्टरांच्या फीचा भाग, म्हणजे ‘पार्ट बी’, बंद करून टाकला आणि पुढं परत यायचं ठरवलं, तर ‘पार्ट बी’शिवाय काढलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागं हप्ता १० टक्क्यांनी चढतो आणि सहसा कायमचा चढाच राहतो.

मेक्सिकोची सीमा ओलांडली की बाहा कॅलिफोर्निया. तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंतचा सुमारे १,७०० किलोमीटरचा रस्ता १९७३ साली पुरा झाला आणि मोटरहोमवाल्यांना समुद्रकिनारे मोकळे झाले. या रस्त्यांवरचे ‘तोपेस’, म्हणजे आपले स्पीडब्रेकर, गाडीतली कपबशी शिल्लक ठेवत नाहीत; मराठी वाचकाला याहून जास्त वर्णन नको. मात्र किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहती जागा परदेशी माणसाच्या थेट नावावर होत नाही. बँकेच्या नावे ट्रस्ट करायचा, मुदत ५० वर्षं, पुढं नूतनीकरण.

आणि इथंच मोटरहोममधून गाव निवडण्याची खरी मेख आहे. गाडीवाला जानेवारीत येतो. निळं पाणी, गार वारा, शेजारी आपल्याच देशातला कुणीतरी मासे भाजतोय. तो गावाच्या प्रेमात पडतो, म्हणजे खरं तर जानेवारीच्या प्रेमात पडतो. बाहात ऑगस्टमध्ये पारा चाळिशी गाठतो, पाठोपाठ वादळांचा मोसम. गाडी असली की किल्ली फिरवून निघता येतं. घर घेतल्यावर कुठं जाणार? माझ्या मते गावात उन्हाळा आणि पावसाळा काढल्याशिवाय इसाराच देऊ नये.

म्हणूनच अनेकजण समुद्र सोडून उंची धरतात. मेक्सिकोतलं सर्वांत मोठं सरोवर चपाला साधारण नाशिकच्याच अक्षांशावर आहे, पण उंचीला कळसूबाईच्या शिखरापेक्षा जेमतेम शंभर मीटर कमी. तिथं अमेरिकी-कॅनडियन पेन्शनरांची मोठी वसाहत आहे. १९२३ साली डी. एच. लॉरेन्सही चपालात राहून कादंबरी लिहीत होता.

दारिएन ओलांडून इक्वाडोर गाठणाऱ्यांचं आवडतं शहर क्वेन्का. ते कळसूबाईच्याही वर नऊशे मीटर! विषुववृत्ताजवळ असूनही स्वेटर लागतो. २००० सालापासून या देशाचं चलन अमेरिकी डॉलरच, त्यामुळे पेन्शन बदलून घ्यायची कटकट नाही. पासष्टी झाली की बसभाडं निम्मं.

तिथून दक्षिणेला विल्काबांबा. १९७०च्या दशकात हे शतायुषी माणसांचं खोरं म्हणून जगभर गाजलं. संशोधकांनी दाखले तपासले, तर शंभरीचं एकही माणूस सापडलं नाही. सत्तरीनंतर वय वाढवून सांगायची तिथं पद्धतच होती. परदेशी पेन्शनर तिथं अजूनही येतात. हवा खरोखरच छान आहे म्हणे.

ब्रिटिश पेन्शनरांचं गणित सगळ्यांत चमत्कारिक. अमेरिकेत राहणाऱ्याची सरकारी पेन्शन दरवर्षी वाढते, कॅनडात राहणाऱ्याची गोठते. नायगाराच्या एका काठावर वाढ, समोरच्या काठावर शून्य. भारतही गोठवलेल्यांच्याच यादीत, हे विलायतेत नोकरी करून नाशिक-पुण्यात परतलेल्यांना दरवर्षी जाणवतंच.

आता मेक्सिकोचा शेवटचा फटका. तिथं पर्यटक म्हणून मोटरहोम नेलं, तर त्याला दहा वर्षांचा परवाना मिळतो. माणसाला मात्र एका वेळी जास्तीत जास्त १८० दिवस. कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळाली की उलटं होतं. माणूस कायमचा, पण परदेशी नंबरप्लेटची गाडी, काही भाग सोडले तर, देशाबाहेर काढायची. म्हणून चपालात घर घेतलेल्या जोडप्याच्या मोटरहोमची अखेरची सफर उत्तरेकडे होते, टेक्सासात गिऱ्हाईक शोधायला. परतीचं तिकीट बसचं.