पार्कूर आणि फ्रीरनिंग : क्रीडाप्रकार म्हणून एक परिचय

पाथरीसारख्या मराठवाड्यातील जुन्या गावांत माळवदाची घरे एकमेकांना खेटून असत. एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावर जाणाऱ्या मुलांना वडीलधारी माणसे रागावत. त्यांच्या लेखी तो उनाडपणा होता, व्यायाम नव्हे. अशाच हालचालींना फ्रान्समध्ये पद्धतशीर शिक्षणाचे रूप मिळाले व त्यातून पार्कूर आकारास आले. प्रस्तुत लेखात त्याचा परिचय करून देऊन, त्यास ‘खेळ’ म्हणावे काय या प्रश्नाचा विचार केला आहे.

फ्रेंच नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी धावणे, चढणे, उडी मारणे, तोल सांभाळणे इत्यादी स्वाभाविक क्रियांवर आधारित शिक्षणपद्धती मांडली. तिच्यातून सैनिकी अडथळा-मार्गांचा प्रसार झाला. पॅरिसच्या अग्निशमन दलात काम केलेले रेमाँ बेल या परंपरेत तयार झाले होते. त्यांचे पुत्र दाव्हीद बेल व त्यांच्या सोबत्यांनी लीस या पॅरिसजवळच्या नगरात १९९० च्या सुमारास ही विद्या शहरी भिंती व जिन्यांवर आणली. ‘पार्कूर’ हा शब्द मार्ग या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. ‘फ्रीरनिंग’ हे नाव २००३ मधील ‘जंप लंडन’ या माहितीपटामुळे रूढ झाले. त्यात सेबास्तियाँ फुकाँ होते. स्थूलमानाने, पार्कूरमध्ये अडथळा कमीत कमी श्रमात व वेगाने ओलांडणे महत्त्वाचे, तर फ्रीरनिंगमध्ये कोलांट्या, गिरक्या अशा आविष्कारासही स्थान असते. प्रत्यक्षात ही सीमारेषा पुसट आहे.

चित्रफितींत उडी दिसते. तिच्यामागील उतरणे नजरेत भरत नाही. वस्तुतः प्रशिक्षणाचा पाया तोच आहे. पायाच्या चवड्यांवर उतरून गुडघे वाकवले असता शरीर थांबण्यास लागणारा काळ वाढतो व सांध्यांवरील आघात कमी होतो. उंची अधिक असल्यास खांद्यापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत तिरकस लोळण घेतात. पाठीच्या कण्यावरून सरळ लोळत नाहीत. हे न शिकता केलेले अनुकरण म्हणजे अपघातास आमंत्रणच होय.

ब्रिटनने २०१७ मध्ये पार्कूरला अधिकृत खेळाचा दर्जा दिला. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने २०१८ मध्ये त्यास आपल्या शाखांत सामावून घेतले आणि २०२२ मध्ये टोकियो येथे पहिली जागतिक स्पर्धा भरवली. वेग व मुक्तशैली असे तिचे दोन विभाग होते. अनेक जुन्या साधकांनी या समावेशास विरोध केला. त्यांच्या मते, स्पर्धा आली की स्वतःशी असलेली कसोटी मागे पडते. गंमत अशी की, खुद्द एबेर यांनीही १९२५ मध्ये स्पर्धात्मक खेळाविरुद्ध पुस्तक लिहिले होते.

महाराष्ट्राला हा पेच अपरिचित नाही. बाळंभटदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेला मल्लखांब मुळात मल्लांच्या तयारीचे साधन. आज तो गुणांकनाचा खेळ आहे. त्यातून त्यास नियम, पंच व राष्ट्रीय स्पर्धा मिळाल्या. कुस्तीशी असलेले नाते मात्र सैल झाले. प्रस्तुत लेखकास हा व्यवहार एकंदरीत लाभाचा वाटतो. परंतु पार्कूरची अडचण वेगळी आहे. मल्लखांबाचा खांब सर्वत्र सारखाच असतो, तर पार्कूरचे सारे मर्म अनोळखी जागेत स्वतःचा मार्ग शोधण्यात आहे. आखून दिलेल्या मंचावर ते कितपत उरते, ही शंका रास्त आहे.

महाविद्यालयीन जिमखान्यास या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. लांब उडीचा वाळूचा खड्डा व जिम्नॅस्टिक्सच्या गाद्या बहुधा उपलब्ध असतात. जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उतरणे व लोळण घेणे तेथे शिकवता येते. भिंतीची पाळी त्यानंतर.